घरी राहून एम.एस्सी. गणित: एकाच पानावर तासभर बसलं की घरच्यांना वाटतं, ही रिकामीच आहे

पिवळी_मारबत
नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या महालात राहते, चितार ओळीच्या मागच्या गल्लीत. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. केलं आणि यंदा विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसला एम.एस्सी. गणिताला प्रवेश घेतला. पुण्याला जायचं मनात होतं. खर्चाचा हिशेब मांडला, बाबा काही बोलले नाहीत, मीच विषय बंद केला. त्याची तक्रार नाही. ताटात गरम पोळी पडते, आणि चितार ओळी चौकातून मेट्रोत बसलं की गाडी न बदलता शंकरनगर, पुढे ऑटो.

त्रास वेगळाच आहे. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलं असायची. संध्याकाळी जर्नल बगलेत मारून, ओढणीवर ॲसिडचं भोक पाडून घरी यायची, तेव्हा सगळ्यांना दिसायचं की पोरगी काही करून राहिली. आता दुपारीच घरी येते. पुस्तक उघडते. एक पान. तासाभराने आई डोकावते, तर तेच पान. "डोळा लागला होता का गं?" मग गव्हाचं दळण, पाहुण्यांचा चहा, आत्याच्या मुलाचं दहावीचं बीजगणित. कामाला माझी ना नाही. पण कॉम्पॅक्टनेसचं प्रूफ अर्ध्यात सोडून उठलं की परत पहिल्या ओळीपासून सुरुवात.

परवा बाबा म्हणाले, "तुझा चुलतभाऊ सीए करते, दिवसाला शंभर पानं वाचते. तू एकच?" काय उत्तर देऊ, सुचलं नाही.

घर सोडणं शक्य नाही. कानात बोळे घाल, हेडफोन लाव, असलं सांगू नका. आवाजाचं मला काही नाही, गणपती-मारबतीच्या ढोलात वाढलेली आहे मी. घरी राहून गणित केलेल्यांनी सांगा, तुम्ही घरच्यांना काय सांगितलं?

इतवारीचा_भौ
दळणाले नाही काहून म्हणते बे? नंबर येईपर्यंत चक्कीवर कोणी उठवत नाही. माझी अर्धी ग्रुप थिअरी चक्कीवर झाली. मस्करी नाही करून राहिलो.

बाकी तुझं नाव झकास आहे. तान्ह्या पोळ्याले मारबतीचा पुतळा निघाला की लोक इडापिडा घेऊन जाय म्हणतात ना, यंदा तसंच आपण दोघं मिळून ओरडू: कॉम्पॅक्टनेस घेऊन जाय गे मारबत!

वर्धा_पॅसेंजर
मी वर्ध्याहून रोज अप-डाउन करतो, त्यामुळे घरी राहणारा म्हणावं की गाडीत राहणारा, ठरवा तुम्हीच. गाडीत लिहिता येत नाही, उभं राहावं लागलं तर पुस्तकही उघडत नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली. सकाळी निघताना एक डेफिनिशन आणि एक थिअरमचं वाक्य चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचं, आणि नागपूर येईपर्यंत ते प्रूफ डोक्यात जुळवायचं. अडलं की चिठ्ठीवर फक्त "इथे अडलं" एवढी खूण. बुटीबोरीपर्यंत काहीच होत नाही, अजनी आली की एकदम सुचतं, असं फार वेळा झालंय.

घरच्यांचं म्हणशील तर मी अंधारात निघतो, अंधारात पोचतो. मी काय करतो हे त्यांना दिसतच नाही, म्हणून प्रश्नही नाहीत.

स्वयंभू_१७२९
तक्रारी करणाऱ्यांनी अँड्र्यू वाइल्स आठवावा. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर माणूस घराच्या माळ्यावर बसून सात वर्षं काम करत होता, बाहेर कोणाला पत्ता नव्हता. १९९३ मध्ये जाहीर केलं, त्यात चूक निघाली, ती १९९४ मध्ये दुरुस्त केली. घरीच केलं सगळं. जिद्द पाहिजे.

कूलरवाली
@स्वयंभू, वाइल्सच्या घरचं दळण कोण आणायचं, तेही लिहा.

आता मूळ मुद्द्यावर येते. मी चार-पाच वर्षांपूर्वी घरूनच एम.एस्सी. केलं, मानेवाड्याहून. पिवळी, तुझ्या प्रश्नाचा अर्धा भाग गणिताचा आहे आणि अर्धा मुलगी असण्याचा. माझा धाकटा भाऊ तेव्हा जेईईची तयारी करत होता. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं आणि आई बाहेर सगळ्यांना हळू बोला म्हणायची. मला दारवाली खोलीच नव्हती. मी हॉलमध्ये दिवाणावर. बेल वाजली की सगळ्यात जवळची मी. कोणी वाईट नव्हतं हो घरात, पण जो दिसतो त्यालाच काम सांगितलं जातं.

मे महिन्यात तर विचारू नका. पारा पंचेचाळीसवर, कूलर एका खोलीत, आणि दुपारी घरातलं प्रत्येक माणूस त्याच खोलीत आडवं. दिवा लावायची सोय नाही. परीक्षा उन्हाळ्यातच. तेव्हा मी पहाटेवर गेले. चार ते सात गच्चीवर, गच्ची तेवढीच थंड. एक फायदा मात्र सांगते: पहाटे चारला उठलेली मुलगी घरच्यांना दिसते. दुपारी तेच तीन तास केले तर तो आराम, पहाटे केले तर ती तपश्चर्या. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. नऊनंतर सांगाल ते काम करीन, असं आईला सांगून टाकलं आणि खरंच केलं.

अभ्यासिका लावून पाहिली होती. शेजारी सगळे एमपीएससीवाले, टाचणी पडली तरी आवाज यावा अशी शांतता. आपल्याला पुटपुटल्याशिवाय प्रूफ कळत नाही. लोक वळून पाहायला लागले तशी बंद केली.

पुण्यात_पडलेला
पिवळी, जी गोष्ट तुझ्याकडे नाही ती मी सांगतो, आणि जी माझ्याकडे नाही तीही. मी धरमपेठेतला. आता पुण्यात कॉट बेसिसवर राहून तोच कोर्स करतो. मेसचं जेवण, कपडे, पाणी आलं का, गेलं का, यात दिवसाचे दोन तास जातात, आणि खर्च भागवायला संध्याकाळी शिकवण्या घेतो त्यात अजून दोन. तू दळणात घालवते त्यापेक्षा जास्तच वेळ जात असेल. एकांताची जी कल्पना घेऊन आलो होतो ती इथे नाही. चार जणांची खोली आहे.

पण रात्री अकरा वाजता अडलं की पलीकडच्या कॉटवरच्याला पाय मारून उठवता येतं. त्याला येतंच असं नाही. त्याला सांगता सांगता मलाच सापडतं बहुतेक वेळा. सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा खोली होती, शांतता होती, आईच्या हातचं होतं, आणि तीन दिवस एका लेमावर (मोठ्या प्रमेयाआधीचं छोटं प्रमेय) अडून बसलो. विचारायला कोणी नाही.

इतवारीचा_भौ
फोन करत जा ना मले. अकरा वाजता जागाच असतो.

बीएस्सी_द्वितीय
मधेच विचारतो, माफ करा. घरीच राहायचं आहे पण व्हीएनआयटीला (नागपूरची एनआयटी) एम.एस्सी. करायची आहे. तिथे कसा प्रवेश असतो?

कूलरवाली
आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. तिच्या गुणांवर एनआयटीच्या जागा सीसीएमएन या सामायिक समुपदेशनातून मिळतात. फेब्रुवारीत असते, फॉर्म त्याच्या बऱ्याच आधी निघतात. दुसऱ्या वर्षापासून लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल ॲनालिसिस नीट कर. पुढचं दुसऱ्या धाग्यावर विचार.

निवृत्त_मास्तर
बाळांनो, मी विदर्भातल्या महाविद्यालयांत गणित शिकवण्यात जन्म घालवला. माझे बहुतेक विद्यार्थी घरून येणारेच होते. कोणी कामठीहून, कोणी काटोलहून, कोणी कॉलेजच्या भिंतीला लागून राहणारा. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

पिवळी, तुझ्या बाबांनी विचारलेला प्रश्न चांगला आहे. एका पानावर तासभर काय चालतं, हे तुला स्वतःला सांगता येतं का? रागावू नकोस. पुष्कळ मुलं तासभर पान नुसतं पाहत असतात, आणि पुष्कळ मुलं तासभर काम करत असतात. बाहेरून दोघं सारखे दिसतात. आतूनही कधी कधी फरक कळत नाही, हीच पंचाईत आहे.

मी वर्गात करायचो ते सांगतो. एक वाक्य घे: बंद आणि मर्यादित, म्हणजे कॉम्पॅक्ट, इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. म्हणजे किमती हव्या तितक्या (एप्सिलॉन) जवळ आणायला बिंदू किती जवळ घ्यायचे (डेल्टा), ते सगळीकडे एकच चालतं. प्रूफ वाचण्याआधी वाक्यातला एकेक शब्द काढून पाहायचा. "बंद" काढला. ० ते १, दोन्ही टोकं वगळून, आणि फंक्शन १/क्ष. आता १/न आणि १/(न+१) हे दोन बिंदू घे. त्यांच्यातलं अंतर १/(न(न+१)), न वाढला की शून्याकडे जातं. किमती मात्र न आणि न+१, फरक कायम १. बिंदू कितीही जवळ आणा, किमती जवळ येईनात. म्हणजे एक डेल्टा सगळीकडे पुरत नाही. "मर्यादित" काढला. पूर्ण रेषेवर क्षचा वर्ग. न आणि न + १/न घे. अंतर १/न, किमतींतला फरक २ पेक्षा मोठा. झालं, इथेही कोसळलं. आता दोन्ही शब्द जागेवर ठेव आणि प्रूफ वाच, आणि प्रत्येक शब्द कोणत्या ओळीत कामाला आला तिथे पेन्सिलीने खूण कर. एखाद्या शब्दाला खूण मिळाली नाही, तर ते प्रूफ तुला कळलेलं नाही.

एवढं करायला तास लागतोच. मला आजही लागेल. पण या तासाच्या शेवटी कागदावर दोन उदाहरणं असतात, खुणा असतात, खोडलेलं असतं. सीएचं पुस्तक आणि आपलं पुस्तक यांत पानांच्या संख्येची तुलनाच नाही, आणि ते बाबांना तोंडाने पटणार नाही. कागद पटवतील. मी मुलांना सांगायचो, पुस्तक उघडं ठेवून बसू नका. वाक्य वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहायला लागा. लिहिणाऱ्याला आई दळणाला उठवत नाही. बघणाऱ्याला उठवते.

दुसरं, फळा घे. पुस्तकांआधी फळा. खडूचा असो की मार्करचा, चार बाय तीनचा पुरतो. जुन्या वाड्यात भिंत मिळाली तर काळा रंग मारून घे. रामानुजन कुंभकोणमच्या घराच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचा, कागद परवडत नव्हता म्हणून, आणि कोपराने पुसायचा. फळ्यासमोर उभं राहून मोठ्याने बोललं की घर ऐकतं. कळो न कळो, ऐकतं. आमच्या पिढीत पुष्कळांनी अल्जिब्रा आजीला शिकवून पाठ केला आहे.

तिसरं तुझ्या कामाचं आहे, कारण तुझ्या अभ्यासक्रमात नोदेरियन रिंग (अल्जिब्रातली एक रचना) येणारच. ज्या एमी नोदरचं नाव त्या रिंगला आहे ती एर्लांगेनमध्ये आईवडिलांच्या घरी राहूनच शिकली. सुरुवातीला मुलींना रीतसर प्रवेश नव्हता, प्राध्यापकांच्या परवानगीने वर्गात बसायची. १९०७ मध्ये डॉक्टरेट, पुढची सात वर्षं तिथेच बिनपगारी काम. पण तिचे वडील त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, हे लोक सांगायचं विसरतात. जेवताना गणित बोलायला माणूस होतं. पुण्यातल्या मुलाने वर जे लिहिलं ते खरं आहे. तू घरी राहतेस यापेक्षा तुझ्या घरी गणित बोलणारं कोणी नाही, ही अडचण मोठी. आठवड्यातून एकदा तरी दोघा-तिघांनी एका फळ्यासमोर जमायलाच हवं.

उन्हाळ्यात एमटीटीएसला अर्ज कर. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं शिबिर आहे. साधारण महिनाभर राहायचं, दिवसभर गणित, आणि तिथले शिक्षक स्वतः प्रूफ सांगत नाहीत, तुमच्याकडून काढून घेतात. वसतिगृहाची हौसही फिटेल. घरून परवानगी मिळवणं सोपं जातं, कारण खर्च फारसा पडत नाही.

नोकरीचा प्रश्न कोणी काढलेला नाही, बाबा काढतील. खोटं आश्वासन देऊ नकोस. आपल्याकडे महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. नेट-जेआरएफ, म्हणजे प्राध्यापकी-संशोधनासाठीची परीक्षा, निघाली तर महिना ३७ हजारांची फेलोशिप असते, ती निघण्यासाठी याच एका पानाचा उपयोग होतो. गणिताच्या नेटमध्ये तिसऱ्या भागात ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. शंभर पानं वाचणारा तिथे टिकत नाही. "बंद" काढला तर काय होईल हे ज्याने करून पाहिलंय, तो टिकतो.

गृहपाठ देतो, सवय जात नाही. ० ते १, दोन्ही टोकं धरून, क्षचं वर्गमूळ. शून्यापाशी आलेख सरळ उभा चढतो, उतार अनंत. तरी हे फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का? थिअरमचं नाव न घेता, डेल्टा काढून दाखवा.

स्वयंभू_१७२९
सर, एवढं लिहिण्यापेक्षा "मेहनत करा" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

इतवारीचा_भौ
तू डेल्टा काढ ना आधी.

नंदनवनची_काकू
मी या विभागात कधी लिहीत नाही. पाककृतींच्या धाग्यावर असते. पण शीर्षक वाचून आत आले, कारण मी त्या दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे आई.

माझा मुलगा गणितात एम.एस्सी. करतो, घरूनच. पहिल्या वर्षी मला खरंच काळजी वाटायची. हा मुलगा ओठ हलवत भिंतीकडे बघत बसायचा. जेवताना मध्येच थांबायचा. मला वाटलं कुठे मन गुंतलंय आणि काही बिनसलंय. त्याच्या बाबांना सांगितलं, तुम्ही विचारा. त्यांनी विचारलं तर म्हणे, "एक सेट ओपनही असतो आणि क्लोज्डही, त्याचा विचार करतोय." आम्ही दोघं गप्प. दार एक तर उघडं असतं नाहीतर बंद, एवढंच आम्हाला माहीत.

पिवळी, तुझ्या आईला दळणाचं खूळ नाही गं. तिला कळतच नाही की तू मध्ये आहेस का काठावर आहेस. मी मुलाला सांगितलं, तू कामात आहेस हे मला दिसेल असं काहीतरी कर. तेव्हापासून तो टेबलावर स्टीलचा पेला उलटा ठेवतो. पेला उलटा असला की मी बोलत नाही, फोन आला तरी देत नाही. सुलटा केला की चहा. साधी गोष्ट आहे, पण घरात भांडण नाही आता.

मास्तरांचा गृहपाठ मी त्याला रात्री विचारणार आहे.

कूलरवाली
काकू, हे माझ्या आईला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! पेल्याची आयडिया भारी आहे.

तरी एक बोलते. सगळ्यांच्या घरी ऐकणारी आई नसते. माझ्याकडे आई ऐकायची, पण मोठे काका यायचे आणि दर वेळी तोच प्रश्न: "गणितात आता नवीन काय शोधायचं राहिलं?" त्यांना उत्तर नको असायचं. मी एकदा त्यांच्या हातात पेन दिलं. म्हटलं, चार आकडी कोणतीही संख्या लिहा, सगळे अंक सारखे नकोत. त्यांनी ३५२४ लिहिली. अंक उतरत्या क्रमाने लावले, ५४३२. चढत्या क्रमाने, २३४५. वजा केले, ३०८७. परत तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ ला केलं की परत ६१७४च. काका, म्हटलं, दुसरी कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येणार. हे शोधलं देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांनी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. चहा थंड होईपर्यंत काका आकडे मांडत बसले होते. आणि राहिलेलं विचाराल तर दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हे १७४२ पासून विचारतायत, अजून सिद्ध झालेलं नाही.

काका सुधारले असं नाही. पण त्यानंतर प्रश्न माझ्या लग्नावर गेला, गणितावरून उतरला.

वर्धा_पॅसेंजर
सर, फळ्यासमोर जमायचं म्हणता, पण आम्हा अप-डाउनवाल्यांचं काय? वर्ग सुटला की स्टेशन गाठायचं असतं. चर्चा रंगते ती नेमकी त्यानंतर. दुसऱ्या दिवशी वर्गमित्र म्हणतात, "काल ते कळलं आम्हाला," आणि मी खिशातली चिठ्ठी घेऊन उभा.

निवृत्त_मास्तर
वर्ग भरण्याच्या आधी जमा. तुझी गाडी तशीही लवकर येते. रिकाम्या वर्गात फळा असतोच, आणि सकाळी कोणी हाकलत नाही.

पिवळी_मारबत
इतक्या उत्तरांबद्दल मनापासून आभार. काल-परवाचं सांगते.

पेला ठेवून पाहिला. आमच्याकडे चालला नाही, आजीने दोनदा उचलून धुवायला टाकला. फळ्याचं मात्र जमलं. माडीवरच्या खोलीत काकांच्या जुन्या दुकानातला फळा पडून होता, भाव लिहायचा. तो पुसून भिंतीला टेकवला. मास्तरांचं १/क्ष आणि क्षचा वर्ग दोन्ही मांडलं, मोठ्याने बोलत. बाबा जिन्यात उभे राहून ऐकत होते हे मला माहीत नव्हतं. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे कुंपण काढलं की ढोर पळते, एवढंच ना?" मी म्हटलं, जवळजवळ. शंभर पानांचं परत काढलेलं नाही अजून. काढतील.

दुपारचं मात्र मी सोडून दिलं. कूलरवालीताई बरोबर बोलली, दुपार माझी नाहीच. ती घराला दिली. पहाट घेतली. आत्याच्या मुलाची शिकवणी चालू ठेवते, पण आता त्याची फी घेते. आत्या जरा फुगली, आई म्हणाली, असू दे.

आणि वर्गातल्या दोघी आणि मी, आम्ही शनिवारी सकाळी आमच्या माडीवर जमायचं ठरवलंय. एकीने थिअरम मांडायचा, बाकीच्यांनी शब्द काढत जायचे. टॉपॉलॉजीपासून सुरुवात. कोणाला यायचं असेल तर या, पोहे आईकडून.

इतवारीचा_भौ
तर्री असंन तर येतो. नुसते पोहे असतीन तर ऑनलाइन.

नंदनवनची_काकू
मुलाला विचारलं. आधी म्हणाला, "आई, तुला काय करायचंय?" मग घरात आलेल्या एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर मास्तरांनी सांगावं.

दोन संख्यांच्या वर्गमुळांतला फरक हा त्या दोन संख्यांतल्या फरकाच्या वर्गमुळापेक्षा कधीच मोठा नसतो. मी २५ आणि १६ घेऊन पाहिलं. पाच वजा चार, एक. पंचवीस वजा सोळा नऊ, त्याचं वर्गमूळ तीन. एक तीनपेक्षा लहान, बरोबर. मग तो म्हणाला, किमतींतला फरक एप्सिलॉनच्या आत ठेवायचा असेल तर संख्यांतला फरक एप्सिलॉनच्या वर्गाच्या आत ठेव. तोच डेल्टा, आणि तो क्ष कुठे आहे यावर अवलंबून नाही. शून्याजवळही तोच.

फरक कधीच मोठा का नसतो हेही दाखवलं. वर्गमुळांच्या फरकाला फरकानेच गुणलं तर जे येतं ते फरकाला बेरजेने गुणून येतं त्यापेक्षा मोठं नसतं, आणि फरक गुणिले बेरीज म्हणजे मूळ संख्यांतलाच फरक. हे आम्ही आठवीत शिकलो होतो, अ वर्ग वजा ब वर्ग. मला वाटलं होतं ते शाळेतच संपलं.

निवृत्त_मास्तर
काकू, पूर्ण गुण. मुलाला सांगा, वर्गात इतकं स्वच्छ कोणी लिहीत नाही.

वर्धा_पॅसेंजर
सर, थांबा. काकूंच्या डेल्ट्यात १ कुठेच आला नाही. म्हणजे हाच डेल्टा शून्यापासून पुढे अनंतापर्यंतही चालतो. मग इंटरव्हल मर्यादित नसलं तरी वर्गमूळ युनिफॉर्मली कंटिन्युअस. मग कॉम्पॅक्ट लागलं कशाला?

निवृत्त_मास्तर
लागलं नाहीच. थिअरम म्हणतो, कॉम्पॅक्ट असेल तर होतं. नसेल तर काय, यावर तो गप्प आहे. म्हणून तर नाव न घेता काढा म्हटलं होतं. छान पकडलंस.

आता पुढचं. पूर्ण रेषेवर कंटिन्युअस, किमती कायम –१ आणि १ च्या मध्ये, तरीही युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही, असं फंक्शन द्या. शनिवारच्या मंडळींनी घ्या हे.

पिवळी_मारबत
शनिवारपर्यंत कोणी फोडू नका.

इतवारीचा_भौ
साइन क्ष स्क्वेअर. प्रूफ उद्या टाकतो, आता मॅच पाहून राहिलो.

पिवळी_मारबत
भौ!!